मसाल्याच्या धंद्याला नाव सुचेना, घरात चार पक्ष पडलेत

जयसिंगपूरची सून:
नमस्कार मंडळी. मी आणि माझ्या जाऊबाई मिळून कांदा-लसूण मसाला करतो. सासूबाईंचं प्रमाण, ब्याडगी मिरची रंगाला, संकेश्वरी तिखटाला, तीळ-खोबरं घरी भाजायचं आणि कांडपावर स्वतः उभं राहून कुटून आणायचं. आजवर नात्यागोत्यात आणि पुण्यात शिकणाऱ्या पोरांच्या पिशव्यांतून जात होता. आता रीतसर फूड लायसन्स काढतोय. अर्जात नाव लिहायचंय, तिथंच गाडी अडलीय.

सासरे म्हणतात, 'श्री जोतिबा गृहउद्योग', विषय संपला. ह्यांना आमच्या लेकीचं नाव पाहिजे, 'ओवी मसाले'. निरमा पण मुलीच्या नावावरूनच आलं, हा त्यांचा मुद्दा. पुतण्या इंजिनिअरिंगला आहे, त्याला नावात 'स्पाइस' हवंच. मला 'कोल्हापुरी झणका' बरं वाटतंय. जाऊबाई मात्र ओवीचं नाव निघाल्यापासून गप्प आहेत. त्यांना दोन्ही मुलगेच. बोलल्या काही नाहीत, पण धंदा दोघींचा आणि नाव एकीच्या लेकीचं, हे मलाही पटत नाहीये.

काय करावं? पाकिटं छापायला टाकायचीत, म्हणून घाई आहे.

गिरगावकर मावशी:
अगं, एवढी घाई कशाला? लिज्जतच्या बायकांनी १९५९ साली इथं गिरगावात ८० रुपये उसने घेऊन पापड लाटायला सुरुवात केली. 'लिज्जत' हे नाव ठरलं १९६२ मध्ये, तेही आपापसांत स्पर्धा लावून. बक्षीस होतं ५ रुपये! आधी माल जाऊ दे. आणि जाऊबाईंना विचार, त्यांना काय हवंय. तुझ्या अख्ख्या पोस्टमध्ये त्यांचं मत तेवढं नाही.

लेबलवाला, इचलकरंजी:
ताई, मी स्टिकर आणि पाकीट छपाईतला माणूस. आठवड्याला एक तरी नवीन मसालेवाला दारात असतो आणि त्यातले निम्मे 'श्री' नाहीतर 'अन्नपूर्णा' असतात. माझ्याकडं एकाच तालुक्यातल्या दोन अन्नपूर्णा आहेत. दोघींचा माल चांगला, पण दुकानदार एकीची ऑर्डर दुसरीला देतो आणि शिव्या मला पडतात.

पहिलं सांगतो, छापील पाकीट आत्ता करूच नका. त्याला प्रत्येक रंगाचा वेगळा छपाईचा सिलिंडर बनवावा लागतो आणि फिल्मचा रोल किलोच्या हिशेबानं घ्यावा लागतो. उद्या नावात एक काना बदलायचा झाला तरी सिलिंडर भंगारात. साधं झिपचं पाऊच आणा, वर स्टिकर मारा. स्टिकर शे-दोनशेसुद्धा निघतात.

आता नाव. माझ्याकडं कुणी नाव घेऊन आलं की मी एकच करतो, त्यांना म्हणतो बाहेर जाऊन मला फोन लावा आणि स्पीकरवर नाव सांगा. कांडपाचा आवाज चालू असताना समोरच्याला एकदम कळलं तर ते नाव. 'काय? परत सांगा' आलं की बाद. मसाल्याची ऑर्डर शेवटी फोनवरच येणार, आणि बाई शेजारणीला नाव तोंडानंच सांगणार. इंग्रजी 'स्पाइस'वालं इथं बरोबर आपटतं. पुतण्याला राग आला तर माझा नंबर देऊ नका.

दुसरं, 'मसाले' हा शब्द नावात पक्का करू नका, खाली बारीक लिहा. आज मसाला आहे, उन्हाळ्यात तुम्ही सांडगे-कुरडया करणारच, सगळेच करतात. मग 'ओवी मसाले'च्या पाकिटात कुरडया विकायच्या का? प्रवीण मसालेवाल्यांनीसुद्धा पाकिटावर 'सुहाना' आणि 'अंबारी' ठेवलंच की. लायसन्सवर एक नाव आणि मालावर दुसरं, असं चालतं.

आणि महाराजांचं नाव किंवा चित्र कुणी सुचवलं तर हात जोडा. एक गिऱ्हाईक तसं डिझाइन घेऊन आलं होतं, मी परत पाठवलं. १९५० चा कायदा आहे, त्याच्या यादीत शिवाजी महाराजांचं नाव आहे. धंद्यासाठी परवानगीशिवाय वापरता येत नाही.

नाशिकचा वकील:
लेबलवाल्यांशी सहमत. थोडी भर घालतो. 'कोल्हापुरी झणका'ची अडचण अशी, की कोल्हापुरी म्हणजे गाव आणि झणका म्हणजे मालाचा गुण. ट्रेडमार्क कायद्याच्या कलम ९ खाली आक्षेप येतो तो नेमका याच दोन गोष्टींवर. जोतिबाचं नाव भक्तीनं जरूर ठेवा, पण ते फक्त आपलंच म्हणून मिरवता येईल असं धरू नका. 'रामायण' हे नाव उदबत्तीसाठी एकट्याचं करू द्यायला सुप्रीम कोर्टानं २०१५ मध्ये नकार दिला होता. आणि पुढेमागे हळद विकायला काढलीत तर 'सांगली हळद' असं सहज छापू नका. तिला २०१८ साली जीआय (त्या भागाच्या मालाची कायदेशीर ओळख) मिळालाय, अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी लागते.

ट्रेडमार्कच्या सरकारी साइटवर शोध फुकट घेता येतो. वर्ग ३० टाका, मसाले त्यात येतात (लोणचं २९ मध्ये). उच्चारानुसार शोधायचा पर्याय आहे तोही वापरा, कारण 'ओवी' मोकळं असलं तरी 'ओव्ही' किंवा 'ओवि' आधीच कुणाचं असू शकतं. ऑनलाइन अर्जाची फी व्यक्तीला किंवा छोट्या उद्योगाला एका वर्गासाठी ४,५०० रुपये. अर्ज केला की नावाशेजारी टीएम (ट्रेडमार्कची खूण) लावता येतं. गोलातला आर मात्र नोंदणी झाल्यावरच, आधी लावणं गुन्हा आहे. अर्ज दोघींच्या नावानं करा, हे मुद्दाम सांगतोय.

जयसिंगपूरची सून:
सगळ्यांचे आभार. मावशी, तुमचं वाचून रात्री भाकरी करता करता जाऊबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, 'जावा-जावा' ठेवू या. पुतण्या हसून लोळला, म्हणे जावा ही कॉम्प्युटरची भाषा आहे. सासरे म्हणाले, नाही, मोटारसायकल आहे. मग जाऊबाईच म्हणाल्या, 'थोरली-धाकटी'. थोरली म्हणजे जास्त तिखट आणि धाकटी म्हणजे मध्यम, पुण्याच्या पोरांसाठी. (खरं तर घरात धाकटी मी आणि तिखट पण मीच, पण असो.) जोतिबाचा फोटो कांडपाच्या डब्यावर लावायचा, यावर सासरे तयार झाले. ह्यांची समजूत अजून काढायचीय.

वर्ग ३० मध्ये आज रात्री शोधते. लेबलवाले दादा, फोनवर सांगून बघितलं, माहेरी वहिनीला एका दमात कळलं. इंग्रजीत लिहिताना 'थोरली'त एच किती आणि कुठं, यावर मात्र पुतण्या आणि मी भांडतोय.

लेबलवाला, इचलकरंजी:
नाव झकास. इंग्रजीत जे सगळ्यात कमी अक्षरांत बसेल ते घ्या आणि पेजला, क्यूआरला, पाकिटाला तेच एक ठेवा. स्टिकरला येताना मसाल्याचा नमुना आणा. लाल मसाल्यावर लाल अक्षरं मागतात लोक आणि मग नाव दिसत नाही म्हणून मलाच बोलतात. थोरलीला पिवळी पट्टी, धाकटीला हिरवी करू. चौदा आकडी लायसन्स नंबर हातात आल्याशिवाय छापायला टाकणार नाही, तेवढं धरून चला.