बिवा सरोवर : उत्तरेकडे जा

जपानमध्ये क्योतोहून दोन दिवस काढून बिवा सरोवर बघावं का, असं एकानं विचारलंय. जरूर काढा, पण दक्षिणेला ओत्सूला न थांबता उत्तरेला नागाहामा गाठा. सरोवर मोठं, सुमारे ६७० चौरस किलोमीटर, आणि उत्तरेला गर्दी कमी. तिथून बोटीनं चिकुबू बेटावर जाता येतं. तिथली देवी बेन्झाइतेन म्हणजे आपली सरस्वतीच, बौद्ध धर्माबरोबर चीनमार्गे पोचलेली. मराठी माणसाला तिथे परकं वाटत नाही.

मला सर्वात भावली ती नागाहामाजवळच्या ताकात्सुकीच्या देवळातली अकरामुखी कान्नोनची मूर्ती. कान्नोन म्हणजे आपला अवलोकितेश्वर, करुणेचा बोधिसत्त्व. १५७० च्या सुमारास लढायांत देऊळ जळालं, तेव्हा गावकऱ्यांनी मूर्ती जमिनीत पुरून वाचवली, असं सांगतात. या भागात अशा कितीतरी मूर्ती गावकरीच सांभाळतात. काही ठिकाणी आधी फोन केला की कुणीतरी किल्ली घेऊन येतं. या भेटीसाठी घाई करू नका.

वेळ उरला तर सरोवराच्या पश्चिम काठावरचं हारिए गाव बघा. घराघरात झऱ्याच्या पाण्याचं कुंड, त्यात मासे. भांड्याला चिकटलेली शितं तेच खातात. लोकांची राहती घरं आहेत, म्हणून गावच्या वाटाड्याबरोबरच जा.