अमेरिकेने घड्याळ फिरवलं की आपलं मार्केट का हलवायचं?

सराफ गल्ली, जळगाव
मार्चचा दुसरा रविवार झाला की दरवर्षी तेच. अमेरिकावाले घड्याळ तासभर पुढे करतात आणि इकडे एमसीएक्स, म्हणजे आपला सोन्या-चांदीचा वायदेबाजार, रात्री ११:५५ ऐवजी ११:३० ला बंद व्हायला लागतं, नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारनंतर परत ११:५५. त्यांचं शेअर मार्केट कधी आपल्या ७ ला उघडणार कधी ८ ला, महागाईचे आन नोकऱ्यांचे आकडे कधी ६ ला कधी ७ ला. अरे आपलं घड्याळ बारा महिने जागचं हलत नाही ना, मग आपण का फरफटत जायचं त्यांच्यामागे? माझं मत सरळ आहे, बारा महिने ११:३०, विषय संपला. दुकान वाढवून घरी आलो की ताटात शेवभाजी आणि डाव्या हातात मोबाइल, घरच्यांची किती दिवस बोलणी गिळायची.

हेजवाला भो
काका तुम्ही स्वतः सराफ आहात म्हणून जास्त आश्चर्य वाटतं. सोन्याचा भाव तुमच्या गल्लीत ठरत नाही. कॉमेक्सचा, म्हणजे अमेरिकेच्या सोन्याच्या वायदेबाजाराचा, दिवसाचा सेटलमेंट भाव (ज्यावर त्या दिवसाचा हिशोब होतो) न्यूयॉर्कच्या दुपारी १:३० ला निघतो, म्हणजे तिकडच्या उन्हाळ्यात आपले रात्रीचे ११, तो बघून तुमच्या हातात अर्धा तास उरतो. हिवाळ्यात तोच भाव आपल्या १२ ला. तेव्हाही ११:३० ला शटर ओढलं तर तिकडचं मार्केट ऐन रंगात असताना तुमचा चालू सौदा कुलपात, आणि सकाळी ९ ला भाव एकदम उडी मारून उघडला, गॅप बसला की दोष कुणाला देणार?

सराफ गल्ली, जळगाव
तूच हिशोब कर ना मग. हिवाळ्यात भाव १२ ला निघतो आणि आपलं मार्केट ११:५५ ला बंद, म्हणजे पाच मिनिटं आधीच! एवढं जागून मिळालं काय? आणि फेडचा, म्हणजे अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेचा, व्याजदर त्यांच्या दुपारी २ ला येतो, उन्हाळ्यात तो आपला ११:३० म्हणजे बरोब्बर घंटा वाजताना आणि हिवाळ्यात १२:३०, म्हणजे जो दिवस खरा महत्त्वाचा त्या दिवशी दोन्ही वेळापत्रकं सारखीच निकामी. गॅप तर बसायचा तो बसतोच.

हेजवाला भो
फेड वर्षातून आठ वेळा ठरलेला असतो काका, बाकीचे दिवस पण धंदा होतो ना.

एमआयडीसी चटई
तुम्ही दोघं सोन्यातच अडकले. मूळ भानगड करन्सीची आहे आणि ती सकाळपासून दुपारपर्यंतची आहे. आमचं एक्स्पोर्टचं बिल डॉलर नाहीतर युरोत असतं. मुंबईचं इंटरबँक मार्केट, म्हणजे बँकांचा आपसातला चलनाचा बाजार, ९ ते ३:३०. लंडनचे ८ वाजतात तेव्हा तिकडच्या उन्हाळ्यात आपले १२:३०, हिवाळ्यात १:३०. म्हणजे लंडन आणि मुंबई दोन्ही चालू असण्याचा वेळ उन्हाळ्यात तीन तास, हिवाळ्यात दोनच. आता हे काही साधं नाही, बीआयएस म्हणजे मध्यवर्ती बँकांची जी बँक आहे, तिच्या एप्रिल २०२५ च्या पाहणीत जगभरात रोज ९.६ ट्रिलियन डॉलरची चलनाची उलाढाल होते आणि त्यातली ३८ टक्क्यांच्या आसपास एकट्या इंग्लंडात. ते लोक टेबलवर येऊन बसले की रुपया हलायला लागतो, हिवाळ्यात हलायला लागला की थोड्या वेळात आपली बँक म्हणते सर आजचं झालं, उद्या बघू. रिझर्व्ह बँकेने जानेवारी २०२० मध्येच बँकांना वेळेबाहेर पण ग्राहकाला भाव द्यायची मुभा दिलीय, पण आमच्या शाखेत ४ नंतर फोन करून बघा, कोण उचलतं ते. मी तर म्हणतो वेळ कमी नको, उलट वाढवा.

रावेर केळी
आमचा माल दुबईला. तिथं घड्याळ बदलत नाही, दिरहम डॉलरला ३.६७२५ ला बांधलेला, आम्हाले काहीच फरक पडत नाही भो 😄 फरक कंटेनर लेट झाल्यावर पडतो.

एमआयडीसी चटई
बिल डॉलरमध्येच ना? मग डॉलरचा रुपया करायला बँक मुंबईचीच लागते. पडतो फरक, तुम्हाला दिसत नाही एवढंच.

रात्रपाळी, भुसावळ
सगळे उन्हाळा-हिवाळा करताय पण अवघड काळ त्या दोन्हीत येत नाही, मधल्या आठवड्यांत येतो. अमेरिका मार्चच्या दुसऱ्या रविवारी बदलते (२००७ पासून, त्याआधी एप्रिल होता), युरोप आणि इंग्लंड शेवटच्या रविवारी. २०२६ चं घ्या, ८ मार्च आणि २९ मार्च, मध्ये तीन आठवडे. परतताना युरोप २५ ऑक्टोबरला आणि अमेरिका १ नोव्हेंबरला, तिथं एक आठवडा. एरवी लंडन आणि न्यूयॉर्क एकत्र चालतात चार तास, आपल्या ५:३० ते ९:३० किंवा ६:३० ते १०:३०. या मधल्या आठवड्यांत न्यूयॉर्क ५:३० लाच येतं आणि लंडन १०:३० पर्यंत बसतं, पाच तास. ऐकायला मस्त. पण न्यूयॉर्कच्या सकाळी १० ला चलनाच्या ऑप्शन सौद्यांची मुदत संपते, म्हणजे एक्स्पायरी असते आणि लंडनच्या दुपारी ४ चा फिक्स असतो, ज्या भावावर मोठमोठे फंड हिशोब लावतात. या दोघांत एरवी एक तास, त्या दिवसांत दोन. ज्यांचा अभ्यास "एक्स्पायरी झाली की तासाभरात फिक्सची ऑर्डर येते" असा पाठ आहे ते बरोबर इथं कापले जातात. त्यात सिडनी उलट्या दिशेने एप्रिलच्या पहिल्या रविवारी घड्याळ मागे घेतं आणि टोकियो सिंगापूर आपल्यासारखे ढिम्म. त्यामुळे सराफ काका, तुमचं ११:३० का ११:५५ हा वाद मला फार छोटा वाटतो.

नंदुरबारची सीए
भुसावळ भाऊ, माहिती एक नंबर, पण हे युरो-डॉलर तुम्ही करता कुठे? एनएसईवर क्रॉस करन्सी (रुपया सोडून दोन परकी चलनांचे सौदे) ७:३० पर्यंत आहे, म्हणजे अमेरिकेचे आकडे ६ ला आले तर दीड तास, ७ ला आले तर जेमतेम अर्धा, आणि व्हॉल्यूम नावालाच. परदेशी अ‍ॅपवर करत असाल तर ते फेमात, म्हणजे परकी चलनाच्या कायद्यात, बसत नाही, परवानगी नसलेल्या अ‍ॅपची रिझर्व्ह बँकेची अलर्ट लिस्ट सप्टेंबर २०२२ पासून आहे आणि दंड रकमेच्या तिप्पट होऊ शकतो. इकडे गावोगाव पोरं क्लास लावून बसलीत, "लंडन सेशन, न्यूयॉर्क सेशन", आणि शिकवणारा मार्चमध्ये वेळ बदलते हे सुद्धा सांगत नाही. फी मात्र आधी.

रात्रपाळी, भुसावळ
ताई मी कुठे करतो म्हटलं, मी एका एक्स्पोर्टवाल्याचं ट्रेझरीचं काम बघतो, फॉरवर्ड बुक करायचे (पुढच्या तारखेच्या डॉलरचा भाव आजच बांधायचे) दिवस ठरवायला हे बघावंच लागतं. क्लासवाल्यांबद्दल शंभर टक्के सहमत.

धुळेकर
मुळात हा घड्याळाचा खेळच बंद होणारे ना? युरोपचं ठरलंय ऐकलं.

नंदुरबारची सीए
ठरलं कुठे. युरोपियन पार्लमेंटने २०१९ मध्ये मत दिलं, २०२१ पासून बंद करू म्हणाले, पण देशांचं आपसात जमलंच नाही. अमेरिकेच्या सिनेटने मार्च २०२२ मध्ये कायमची उन्हाळी वेळ मंजूर केली, ते खालच्या सभागृहात पडून राहिलं. त्यांच्या भरवशावर एमसीएक्सचं वेळापत्रक नका सोडू.

सराफ गल्ली, जळगाव
बरं, भुसावळवाल्याचा मुद्दा पटला, ते तीन आठवडे खरंच वेगळे आहेत. पण त्याने माझीच बाजू मजबूत होते. अमेरिका आणि इंग्लंडचं आपसातच जमत नाही तर आपण दोघांपैकी एकाचं घड्याळ धरून का चालायचं? लंडनचा सोन्याचा दुपारचा भाव त्यांच्या ३ ला, म्हणजे त्या दिवसांत आपले ८:३०, तेव्हा अमेरिकेचं शेअर मार्केट उघडून दीड तास झालेला. एमसीएक्सने मात्र अमेरिका धरली.

हेजवाला भो
कारण काका, तुमचा रात्रीचा भाव तिथूनच येतो. नोव्हेंबरपर्यंत तुम्ही ११:३० लाच झोपा, तुमच्याच मनासारखं चाललंय की, तोवर भांडायला कारण नाही.