उंदरांवरील मायक्रोवेव्हचा प्रयोग टॉवरविरोधी अर्जात चालेल का?

खानापूरकर:
शेजारच्या गच्चीवर मोबाइल टॉवर उभा राहत आहे. त्याविरुद्ध द्यायच्या अर्जात अमेरिकेतील शास्त्रज्ञ हेन्री लाय यांच्या संशोधनाचा दाखला द्यावा, असा गल्लीत आग्रह आहे. दोन तास मायक्रोवेव्ह लहरींत ठेवलेल्या उंदरांच्या मेंदूतील पेशींत डीएनएचे धागे तुटलेले आढळले, असे लाय आणि त्यांचे सहकारी एन. पी. सिंग यांनी १९९५ मध्ये प्रसिद्ध केले होते. अर्ज कन्नडमध्ये उतरवून देणारे गृहस्थ मिळाले आहेत. मजकूर मात्र कसोटीला उतरेल का, हे जाणकारांनी सांगावे.

टिळकवाडीचा मास्तर:
दाखला खरा आहे, पण अपुरा. त्या प्रयोगात लहरींची तीव्रता दर चौरस मीटरला २० वॅटपर्यंत होती, तर आपल्याकडे २०१२ मध्ये टॉवरसाठी लागू झालेली मर्यादा १८०० मेगाहर्ट्झ वारंवारतेच्या लहरींना दर चौरस मीटरला ०.९ वॅट होती; म्हणजे उंदरांवरचा मारा त्या मर्यादेच्या वीस पटींहून अधिक होता, हे अर्जात लिहिले नाही तर समोरचा अभियंता पहिल्याच बैठकीत ते काढून दाखवील. शिवाय मायक्रोवेव्हच्या एका फोटॉनची, म्हणजे लहरींतील ऊर्जेच्या सर्वांत लहान पुडीची, ऊर्जा इतकी नगण्य असते की तिने रासायनिक बंध थेट तुटूच शकत नाही. लाय यांनाही याची जाणीव होती. धागे तुटण्यामागे पेशीतील मुक्त मूलके (फ्री रॅडिकल्स, म्हणजे डीएनएला इजा करू शकणारे अतिक्रियाशील रेणू) असावीत, असा त्यांचा कयास होता, आणि १९९७ मध्ये अशा मूलकांना निष्प्रभ करणारे मेलाटोनिन हे संप्रेरक दिलेल्या उंदरांत हा परिणाम दिसत नाही, असे त्यांनी मांडले.

निपाणीची वाचक:
मास्तर, पुढचा भागही सांगायला हवा. अमेरिकेतील सेंट लुईस येथील संशोधकांच्या दुसऱ्या गटाने हाच प्रयोग करून पाहिला, तेव्हा त्यांना धागे तुटलेले आढळले नाहीत. उलट उंदीर कार्बन डायऑक्साइडने मारला तर त्या पद्धतीमुळेच मोजणीत फरक पडतो, असा त्यांचा आक्षेप होता. पेशी जेलमध्ये बसवून वीजप्रवाह सोडायचा आणि तुटलेला डीएनए किती लांब ओढला जातो ते सूक्ष्मदर्शकाखाली पाहायचे, अशी ही चाचणी असल्यामुळे मेंदू काढायला झालेला थोडा उशीरही निकालात उतरू शकतो. अर्थात त्या गटाच्या कामाला मोटोरोला कंपनीचा पैसा होता, हेही झाकून ठेवू नये. पैसा कोणाचा, यावरून निकाल खोटा ठरत नाही. पण कंपनीशी संबंध नसलेल्या प्रयोगशाळेने तो पडताळावा, एवढी मागणी रास्तच आहे.

खानापूरकर:
म्हणजे अर्जातून लाय यांचे नाव काढावे?

टिळकवाडीचा मास्तर:
ठेवावे, पण ‘टॉवरने डीएनए तुटतो’ असे न लिहिता ‘या विषयावर परस्परविरोधी निष्कर्ष आहेत’ असे लिहावे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने २०११ मध्ये या लहरींना ‘संभाव्य’ कर्ककारकांच्या गटात ठेवले आहे, तेही जोडता येईल; मात्र त्या निर्णयाचा मुख्य आधार मोबाइल कानाला लावून बोलणाऱ्यांची पाहणी हा होता, टॉवर नव्हे. खानापूर तालुक्यातील जांबोटी-कणकुंबीकडे रेंज क्षीण असते आणि तिथे आपला फोनच जोर वाढवून लहरी सोडतो, याकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. लहरी कुठे किती, हे नुसत्या अंदाजाने ठरत नाही; म्हणून अर्जात पहिली मागणी मोजणीची करा: टॉवर सुरू झाल्यावर दूरसंचार विभागाने तुमच्या गच्चीवर आणि समोरच्या खिडकीपाशी तीव्रता मोजून आकडे लेखी द्यावेत.