‘मुदतबाह्य’, ‘कालबाह्य’ की ‘सादळलेले’?

प्रश्न :
ठाण्यात घरच्या घरी केक आणि नानकटाई करणाऱ्या आम्हा सात-आठ जणींसाठी मी एक छोटी मराठी पुस्तिका लिहीत आहे. तिच्यातील एका प्रकरणाला मी ‘कालबाह्य साहित्य कसे ओळखावे’ असे शीर्षक दिले होते, परंतु वाचून दाखवताना ते सर्वांनाच खटकले. बोलताना आम्ही ‘डेट गेली’ किंवा ‘एक्सपायर झाले’ असे म्हणतो. लिहिताना कोणता शब्द योग्य ठरेल? तसेच ‘बेस्ट बिफोर’ आणि ‘यूज बाय’ यांतील फरक मराठीत कसा दाखवावा?

उत्तर :
‘कालबाह्य’ खटकला हे बरोबरच झाले. कालबाह्य होते ती रूढी, कायदा किंवा यंत्र. म्हणजे ज्याचा जमाना सरला ते. मैद्याचा जमाना सरलेला नाही, त्या पुड्याची मुदत सरली आहे. म्हणून ‘मुदतबाह्य’ हा शब्द अधिक नेमका असून वर्तमानपत्रांतील ‘मुदतबाह्य औषधे’ या प्रयोगामुळे तो वाचकांच्या ओळखीचाही आहे. बोलीच्या जवळ राहायचे असेल तर ‘तारीख उलटलेले’ हा प्रयोग मला त्याहूनही आवडतो.

मात्र या दोन्ही शब्दांनी केवळ छापील तारखेबद्दल सांगावे, पदार्थाच्या स्थितीबद्दल नव्हे, असा माझा आग्रह आहे. ‘एक्सपायर झाले’ म्हणताना आपण दोन्ही गोष्टी एकत्र करतो आणि त्यामुळे एकीकडे चांगले कॉर्नफ्लोअर टाकून दिले जाते, तर दुसरीकडे निकामी झालेली बेकिंग पावडर निर्धास्तपणे वापरली जाते. मागच्या ऑगस्टमध्ये माझ्या हातून हेच घडले. डब्यावरील तारखेला अजून पाच महिने अवकाश होता, म्हणून मी शंका घेतली नाही आणि केक भाकरीसारखा बसला. नंतर अर्धी वाटी गरम पाण्यात त्या पावडरीचा एक चमचा टाकला, तेव्हा सळसळून फेस येण्याऐवजी कडेला दोन-चार बुडबुडे आले आणि पांढरा गाळ तळाशी बसला. चमच्याला पावडरीच्या बारीक गुठळ्या चिकटल्या होत्या. सासूबाईंनी त्या बोटांनी चुरडून पाहिल्या आणि ‘सादळली आहे’ एवढेच म्हणाल्या.

तोच शब्द इथे हवा. बेकिंग पावडरीत खाण्याचा सोडा, कोरडे आम्लधर्मी क्षार आणि ते कोरडे राहावेत म्हणून घातलेले पिष्ट असते. पावसाळ्यात खाडीकडून येणारी दमट हवा उघड्या डब्यात शिरली की सोडा आणि आम्ल यांची प्रक्रिया डब्यातच हळूहळू होऊन जाते आणि भांड्यात फुगण्यासाठी काही उरत नाही. पापड सादळतो तो पुन्हा भाजून कुरकुरीत करता येतो; सादळलेल्या बेकिंग पावडरीचा गेलेला जोर मात्र परत येत नाही, हे पुस्तिकेत अवश्य लिहावे.

‘खवट’ हा शब्द तेल असलेल्या पदार्थांसाठी राखावा. अक्रोड, तीळ, सुके खोबरे आणि कणीक यांतील तेलाचा हवेशी संयोग होऊन तो वास येतो. मैद्यातून कोंडा आणि अंकुर काढलेला असल्यामुळे तो कणकेइतका लवकर खवट होत नाही. रव्याला जाळी धरते, तांदळात टोके होतात. शेंगदाण्यांना बुरशी आली असेल तर तिथे शब्दाची चर्चा न करता ते टाकून द्यावेत, कारण बुरशीचे विष भाजल्याने भरवशाने नाहीसे होत नाही.

आता तारखांविषयी. भारतीय अन्न सुरक्षा आणि मानके प्राधिकरणाच्या 2020 च्या लेबलविषयक नियमांनुसार ‘एक्सपायरी’ किंवा ‘यूज बाय’ तारीख देणे बंधनकारक असून ‘बेस्ट बिफोर’ हा ऐच्छिक मजकूर आहे. पहिल्यासाठी ‘या तारखेपर्यंतच वापरावे’ आणि दुसऱ्यासाठी ‘या तारखेपर्यंत उत्तम’ असे लिहावे, असे मी सुचवेन. सगळा फरक त्या ‘च’मध्ये आणि ‘उत्तम’मध्ये आहे. उत्तम राहिले नाही म्हणजे वाईट झाले असे मराठीत कोणी समजत नाही. ‘पर्यंतच’ म्हटल्यावर मात्र पुढे वाट नाही, हे लहान मुलालाही कळते. ‘पूर्वी’ हा शब्द टाळावा, कारण ‘15 तारखेपूर्वी’ म्हटले की 15 तारीख वगळली जाते, तर ‘पर्यंत’मध्ये ती धरली जाते. विक्रीसाठी करत असाल, तर पदार्थाची स्थिती कशीही असली तरी तारीख उलटलेले साहित्य वापरू नये.

वाशीहून एक पुरवणी :
मसाले, कोको आणि व्हॅनिला यांना यांपैकी कोणताच शब्द लागू पडत नाही. आमच्या घरी जुन्या वेलचीपुडीला ‘वास उडाला’ असे म्हणतात. ती बिघडलेली नसते, पण एका चमच्याच्या जागी दोन घातले तरी तिचा पत्ता लागत नाही.

प्रश्नकर्ती :
दोघांचेही मनापासून आभार. शीर्षक आता ‘तारीख उलटलेले, सादळलेले आणि खवट’ असे करत आहे. एकच शंका उरली आहे. यीस्टच्या बाबतीत मी ‘मेलेले यीस्ट’ असे लिहिले आहे, परंतु खाण्याच्या वस्तूला तो शब्द आमच्यातील दोघींना रुचत नाही आणि त्या ‘निर्जीव’ सुचवत आहेत.

उत्तर :
‘मेलेले’च ठेवावे. निर्जीव आपण दगडालाही म्हणतो, जो कधी जिवंत नव्हताच. यीस्ट ही खरोखर सजीव बुरशी आहे आणि कोरड्या दाण्यांत ती केवळ निद्रिस्त असते. त्या दोघींना साखर घातलेल्या कोमट पाण्यात जुने आणि नवे यीस्ट वेगवेगळ्या वाट्यांत भिजवून दहा मिनिटे शेजारी बसायला सांगावे. एका वाटीवर फेसाची साय चढेल, आणि दुसरीतले यीस्ट मेलेले असेल तर तिचे पाणी नुसतेच गढूळ राहील.