पेटीएमचा शेअर: घेताना-विकताना नेमकं काय बघता? अनुभव लिहा

मांडवीकाठ
म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात कोकमाच्या राशीमागे साउंडबॉक्स (पैसे आले की बोलून सांगणारा पेटीएमचा डबा) ओरडला की नोव्हेंबर २०२१ चा आयपीओ, म्हणजे कंपनीची पहिली शेअरविक्री आठवते. भाव २१५०, लॉट सहा शेअरचा, म्हणजे १२,९०० रुपये. १८,३०० कोटींचा इश्यू, त्यातले १०,००० कोटी जुन्या मालकांच्या खिशात. १८ तारखेला लिस्टिंग आणि त्याच दिवशी २७ टक्के खाली. मे २०२४ मध्ये भाव ३१० च्या आसपास जाऊन आला. हल्ली परत "घेऊ काय?" सुरू झालंय, म्हणून धागा.
टार्गेट नकोत. निकाल कसा वाचता, कुठला आकडा फसवतो ते लिहा. माझ्याकडून पहिलं: यूपीआयचे व्यवहार किती वाढले हे बघून शेअर घेऊ नका. जानेवारी २०२० पासून त्यावर एमडीआर (दुकानदाराकडून व्यवहारामागे मिळणारं कमिशन) शून्य आहे. व्यवहार दुप्पट झाले तरी कमिशन शून्याचं दुप्पट.

सोलकढी
पैसा डब्याच्या भाड्यात आहे. महिन्याला साधारण शंभर रुपये एका डब्याचे. जून २०२५ अखेर असे भाडं देणारे दुकानदार १ कोटी ३० लाख. पण डबा दिला म्हणजे भाडं आलं असं नाही. आत सिमकार्ड असतं, बाजारात रेंज गेली की डबा मुका, दुकानदार कंटाळून दुसऱ्या कंपनीचा लावतो आणि पहिला गल्ल्याखाली धूळ खात पडतो. म्हणून नवे किती लावले यापेक्षा बंद पडलेले परत आणून, दुरुस्त करून किती फिरवले हे मॅनेजमेंटच्या बोलण्यात शोधा. घसारा तिथेच कमी होतो.

दुपारची_झोप
सोलकढी बाय, आमच्या नुस्तेकान्नीकडे (मासेवालीकडे) तीन क्यूआर कोड चिकटवलेत, डबा एकच. पैसे कुठल्याही कोडवर आले तरी ती डब्याकडेच बघते 😄

सोलकढी
तीच तर गोष्ट रे. कोड फुकट, डबा विकत.

तिमाहीवाला
निकालाबद्दल थोडं लांब लिहितो, चहा होईपर्यंत वेळ आहे.
"पहिला नफा कधी" यावर भांडणं होतात. जुलै-सप्टेंबर २०२४ ला निव्वळ नफा ९३० कोटी दिसतो. त्यात तिकीट-बुकिंगचा धंदा झोमॅटोला २,०४८ कोटींना विकल्याचा १,३४५ कोटींचा एकवेळचा फायदा आहे. तो काढा, खाली तोटाच उरतो. एखादी वेबसाइट तो आकडा चार तिमाहींच्या बेरजेत धरून पीई (भाव कमाईच्या किती पट) दाखवत असेल तर तो पीई केराच्या टोपलीत.
खरा नफा एप्रिल-जून २०२५ चा, १२२ कोटी. पण त्याच तिमाहीत एबिटा (व्याज, कर, घसारा धरण्याआधीचा धंद्याचा नफा) ७२ कोटीच. नफा एबिटापेक्षा मोठा कसा? बँकेत ठेवलेल्या रोकडीचं व्याज "इतर उत्पन्न" या ओळीत येतं. म्हणून आधी ती ओळ झाका आणि मग ठरवा धंदा कमावतोय की फिक्स्ड डिपॉझिट.
दुसरी खोच ईसॉपची, म्हणजे कंपनीतल्या लोकांना पगारासोबत दिल्या जाणाऱ्या शेअरच्या हक्कांची. पूर्वी कंपनी "ईसॉपपूर्व एबिटा" पुढे करायची. एप्रिल २०२५ मध्ये संस्थापक विजय शेखर शर्मांनी आपले २ कोटी १० लाख ईसॉप सोडले, त्यापायी जानेवारी-मार्चच्या निकालात ४९२ कोटींचा एकरकमी खर्च पडला आणि पुढच्या तिमाहींचं ओझं हलकं झालं. म्हणजे सुधारणेतला एक भाग हिशेबाचा आहे, गिऱ्हाइकाचा नव्हे. वाईट म्हणत नाही, वेगळा काढून बघा म्हणतो.

कुळागर
+१. आणि मार्च तिमाहीची डिसेंबरशी तुलना करू नका. सरकारचं यूपीआय प्रोत्साहन ते मार्च तिमाहीत धरतात. २०२४ च्या मार्च तिमाहीत २८८ कोटी होतं, २०२५ ला ७० कोटी. डिसेंबरशी ताडलं तर वाढ फुगलेली दिसते, आदल्या मार्चशी ताडलं तर घट जास्त दिसते. दोन्हीकडून हा आकडा वजा करा, मग बोला.

फोंड्याची_पेज
हे सगळं ठीक, पण बँक बंद झाली ना त्यांची? मग कंपनी चालते कशी?

तिमाहीवाला
दोन वेगळ्या गोष्टी काका. शेअर आहे तो पेटीएम चालवणाऱ्या वन ९७ कम्युनिकेशन्सचा. पेमेंट्स बँकेत तिचा हिस्सा ४९ टक्के, बाकी ५१ संस्थापकांचा. रिझर्व्ह बँकेचा आदेश ३१ जानेवारी २०२४ ला आला तो बँकेवर, नव्या ठेवी-टॉपअप बंद करायला आधी २९ फेब्रुवारी, मग १५ मार्च. १४ मार्चला एनपीसीआयने (यूपीआय चालवणारी संस्था) कंपनीला थर्ड पार्टी ॲपचा परवाना दिला, अ‍ॅक्सिस, एचडीएफसी, स्टेट बँक आणि येस बँकेच्या आधाराने. बँकेतल्या गुंतवणुकीचे २२७ कोटी तेव्हाच खर्ची टाकले. म्हणून आता बँकेची बातमी आली तरी ताळेबंदातून जायला फारसं शिल्लक नाही. नावाला बट्टा लागतो तेवढा लागतो.

फोंड्याची_पेज
देव बरें करूं. समजलं.

सर्किटतुटला
त्या आदेशानंतर १ आणि २ फेब्रुवारीला सलग वीस-वीस टक्के लोअर सर्किट (एका दिवसात याखाली भाव जाऊ देत नाहीत ती मर्यादा), ७६१ वरून ६०९, मग ४८७. त्यानंतर एक्स्चेंजने पट्टा १० टक्क्यांवर आणला. लोक विचारायचे ऑर्डर का लागत नाही. सगळे विक्रेते एकाच भावावर उभे असतात, तिथे फक्त वेळ बघतात. ९:१५ ला टाकलेली ऑर्डर लाखो शेअरच्या मागे. आदल्या रात्री आफ्टर मार्केट ऑर्डर टाकली तर ती ९ वाजता प्री-ओपनला जाते, रांगेत पुढे. त्यातही खरेदीदार नसेल तर काही नाही.
स्टॉप-लॉस लावला होता म्हणणाऱ्यांसाठी: ट्रिगर ७००, लिमिट ६९५ असेल आणि शेअर ६०९ ला उघडला, तर ऑर्डर सुटते आणि ६९५ वर लटकून राहते. विकला जात नाही.
हे आता जसंच्या तसं होणार नाही. नोव्हेंबर २०२४ पासून शेअर वायदे बाजारात आहे, त्यामुळे पक्कं सर्किट नाही, सरकता पट्टा आहे. बाहेर पडायला वाट मिळते, पण एका दिवसात किती पडेल याला छत (की तळ?) नाही.

दुपारची_झोप
तळ. छत वर असतं 😂

सर्किटतुटला
फेरीबोटीत उभ्या-उभ्या टाइप करत होतो. माफी.

आंबेमोहर
कर्जाच्या धंद्याकडे कुणी वळलं नाही अजून. साउंडबॉक्सवाल्या दुकानदाराला जी कर्जं मिळतात ती बँका आणि एनबीएफसींची (बिगर-बँक कर्ज कंपन्यांची), पेटीएम फक्त दलाल. हप्ता रोजच्या जमेतून कापला जातो, म्हणून वसुली बरी. पण जून २०२३ च्या नियमाने अशा दलालाला पाच टक्क्यांपर्यंत नुकसानीची हमी देता येते. हमीचा खर्च कर्ज देतानाच धरायचा, वसुलीचं उत्पन्न नंतर हळूहळू. त्यामुळे वाटप वाढलेल्या तिमाहीत मार्जिन कमी दिसू शकतं, घाबरायचं कारण तेवढ्यात नाही. उलट वाटप थांबलं की मार्जिन छान दिसतं. तेव्हा घाबरा.
डिसेंबर २०२३ ला पन्नास हजारांखालची कर्जं कमी करणार म्हटल्यावर एका दिवसात जवळपास वीस टक्के गेला होता. रिझर्व्ह बँकेच्या आदेशाच्या दोन महिने आधी. इशारा तिथेच होता.

कुळागर
आमच्याकडे बघून अंदाज बांधू नका हां. कळंगुट-बागाचे शॅक मे संपता मोडतात, पावसाळाभर डबे गप्प. "धंदा बसला" असं ऑगस्टमध्ये गोव्यातून ठरवलं तर चूक. देशात तेव्हा सणांची तयारी.

सोलकढी
चवथीला माटोळीचं (गणपतीवर टांगायच्या फळा-फुलांचं) सामान घेताना मात्र रोखच लागते अजून. तेरड्याला कोड नाही.

मांडवीकाठ
😀 खरं. साखळीच्या बाजारात बघितलंय.

हिशेबी_मांजर
२१५० वाल्यांसाठी कराचं. डिमॅटमध्ये आधी आलेला शेअर आधी गेला असं धरतात. समजा सहा २१५० चे आणि नंतर तीस ४०० चे घेतले. सरासरी दिसते ६९२. आता सहा ११०० ला विकले तर स्क्रीन फायदा दाखवते, करासाठी तो ६,३०० रुपयांचा दीर्घकालीन तोटा.
हा तोटा फक्त दीर्घकालीन नफ्यातूनच वजा होतो. उरला तर आठ वर्षं पुढे नेता येतो, पण रिटर्न मुदतीत भरलं तरच. आणि मुख्य म्हणजे तोटा आधी वजा होतो, सव्वा लाखाची सूट नंतर. यंदा तुमचा दीर्घकालीन नफा सव्वा लाखाच्या आतच असेल तर तोटा बुक करून काही वाचत नाही, उलट वाया जातो. १२.५ टक्के द्यायची वेळ येईल त्या वर्षासाठी ठेवा.

दुपारची_झोप
हे कुणीच सांगत नाही राव. स्क्रीनशॉट घेतला.

फोंड्याची_पेज
आणि ते एका ॲपला यूपीआयच्या एकूण व्यवहारांत तीस टक्क्यांची मर्यादा येणार म्हणतात त्याने पेटीएमला गिऱ्हाइकं मिळतील?

आंबेमोहर
एनपीसीआयची मुदत ३१ डिसेंबर २०२६, आधी दोनदा पुढे ढकललेली. फोनपे आणि गूगल पे मिळून ऐंशी टक्क्यांच्या आसपास आहेत, त्यांना खरंच अडवलं तर कुणाकडे तरी जावं लागेल. पण ते येणार यूपीआय करायलाच, आणि त्याचे पैसे वर मांडवीकाठने सांगितलेत तेवढेच. मी त्या बातमीवर भाव देत नाही. एमडीआर लागला तर गोष्ट वेगळी.

सर्किटतुटला
मोठा जुना भागधारक विकणार असला की सकाळी ८:४५ ते ९ च्या ब्लॉक विंडोत सौदा होतो. ऑगस्ट २०२५ ला चीनच्या अँट कंपनीने उरलेला हिस्सा काढला. संध्याकाळी एक्स्चेंजच्या यादीत घेणारा कोण ते बघायचं, विकणारा सगळ्यांना माहीत असतोच.

सोलकढी
बांगडे कसे आज कुणी सांगेल काय? पणजी मार्केट.

कुळागर
शंभराला पाच, लहान. आणि कोडवर घेतले, डबा बोलला नाही, तिने दोनदा मोबाइल बघायला लावला.