मदत हवी आहे: बालगृहात गृहमाता-गृहपिता म्हणून राहतो, मुलांना न दुखवता रजेवर कसं जायचं?

नमस्कार मंडळी,

मी आणि माझे यजमान पश्चिम महाराष्ट्रातल्या एका बालगृहात गृहमाता-गृहपिता म्हणून मुलांसोबतच राहतो. बाल न्याय कायद्याच्या 74व्या कलमानुसार मुलांची ओळख उघड करायला मनाई आहे, म्हणून गाव, संस्था, नावं लिहीत नाही. बारीकसारीक तपशीलही बदललेत. उत्तर देताना तुम्हीही हे पाळा, ही विनंती.

आमच्या घरात सहा ते अकरा वर्षांचे आठ मुलगे आहेत, सगळे बालकल्याण समितीच्या आदेशाने आलेले. कुणी घरात बेदम मार खाल्लेला, कुणी स्टेशनवर सापडलेला. दोघा भावांनी घरात जे पाहिलंय ते इथे लिहवत नाही. स्वयंपाक, अभ्यास, आजारपण, भांडणं हे सगळं आता अंगवळणी पडलंय. अडतंय ते आमच्या रजेपाशी.

सगळ्यांत धाकटा रात्री दिवे मालवायच्या आधी दारातल्या चपला बघून येतो. यांच्या कोल्हापुरी आणि माझ्या स्लिपर जागेवर दिसल्या की मगच अंथरुणात शिरतो. गणपतीला आम्ही दोघं गावी गेलो होतो. परत आलो तर हा भिंतीकडे तोंड करून बसलेला. हाक मारली तरी वळेना. त्या रात्री अंथरूण ओलं केलं. उशीच्या अभ्र्यात चपातीचे तुकडे लपवायची सवय पावसाळ्यातच सुटली होती, तीही परत आली. थोरल्यांपैकी एकाने वही टराटरा फाडली आणि मला म्हणाला, "पगार मिळतो म्हणूनच येता ना परत?" यावर काय बोलावं ते मला सुचलं नाही.

संस्थेतून सल्ला असा मिळतो की मुलं शाळेत असताना निघून जा, सांगितलं की रडारड होते. मला हे पटत नाही. यजमान म्हणतात, मग रजाच नको. पण रोज रात्री कुणीतरी दचकून उठतंच, झोप पुरी होत नाही, माझी पाठ धरलीये. त्यात पुढच्या महिन्यात सासूबाईंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन आहे, आठवडाभर तरी जावंच लागेल.

सांगून जायचं तर किती आधी सांगावं? दोघांनी एकदम जावं की एकेकाने? मध्ये फोन करावा का? ज्यांनी हे काम केलंय त्यांनी कृपया लिहा.

निवृत्त गृहमाता:
ताई, न सांगता अजिबात जाऊ नका. या लेकरांच्या आयुष्यात आधीच कुणीतरी न सांगता गेलेलं असतं. रडतील, रडू द्या. तुमच्यासमोर रडलेलं बरं, मागे राहून मनात कुढलेलं वाईट.

आम्ही भिंतीवर कालनिर्णय लावायचो आणि जाण्याच्या, येण्याच्या तारखेला मुलांकडूनच खूण करून घ्यायचो. लहानग्यांना चार-पाच दिवस आधी सांगितलं तरी पुरतं. फार आधी सांगितलं तर तेवढे दिवस धसका घेऊन बसतात. मोठ्यांना ठरल्याबरोबर सांगा, नाहीतर त्यांना बाहेरून कळतं आणि तो राग निराळाच असतो. आणि तुमच्या त्या स्लिपर दारातच ठेवून जा, गावी दुसऱ्या घाला. मात्र 'मी इथेच आहे' असं भासवायला नाही, 'या घालायला मी सोमवारी येणार' असं त्याला सांगून.

खरं दुखणं तुमच्या जागी येणाऱ्या बदली माणसाचं आहे. दर वेळी नवा चेहरा आला की मुलं बिथरणारच. हर्मान ग्माइनर यांनी 1949 मध्ये ऑस्ट्रियात इम्स्टला एसओएस बालग्राम, म्हणजे निराधार मुलांना घरासारखं वाढवणारी वस्ती, सुरू केलं (पुण्यात येरवड्यालाही त्यांचं बालग्राम आहे). त्यांच्या पद्धतीत घरच्या आईला रजा मिळावी म्हणून मावशी असते. तुमच्याकडेही एकच बाई ठरवून घ्या आणि एरवीही ती आठवड्यातून एकदा तुमच्यासोबत जेवायला, झोपवायला असू दे. अधीक्षकांकडे हे लेखीच मागा.

बालसमुपदेशक:
पाठ फिरवून बसणं ही नाराजी आहे, पण ते जडलेल्या नात्याचंही लक्षण आहे. जेम्स रॉबर्टसन आणि जॉन बोल्बी या ब्रिटिश संशोधकांनी आईपासून दुरावून रुग्णालयात राहिलेल्या लहान मुलांचं निरीक्षण केलं, तेव्हा हेच दिसलं: आधी आकांत, मग निराशा, मग तोंड फिरवणं. शेवटच्या टप्प्यातलं मूल शांत दिसतं, म्हणून मोठ्यांना वाटतं की ते रुळलं. 'न सांगता जा' हा सल्ला त्यातूनच येतो.

परत आल्यावर लगेच जवळ ओढू नका, खाऊ-खेळण्यांनी समजूत काढू नका. शेजारी बसून नेहमीचं काम करत राहा. "मी गेले म्हणून राग आलाय, बरोबर आहे," एवढं म्हणा. अभ्रा झडती घेतल्यासारखा तपासू नका. झाकणाचा एक डबा त्याच्या नावाने ठेवा, त्यात रोज चणे-शेंगदाणे भरा. अंथरुणाबद्दल चारचौघांत एक शब्दही नको.

थोरल्याला खरं उत्तर द्या: "हो, पगार मिळतो. तुला ताप आल्यावर मी रात्रभर जागते ते पगारात लिहिलेलं नाही." हे सगळं मुलांच्या वैयक्तिक काळजी आराखड्यातही नोंदवून घ्या. बंगळुरूच्या निमहान्स या मानसिक आरोग्य संस्थेच्या 'संवाद' उपक्रमात अशा घरांतल्या कर्मचाऱ्यांसाठी प्रशिक्षण असतं, संस्थेला विचारा. तुमचं स्वतःचं मन फारच थकलं तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा मोफत नंबर आहे.

बालगृहात वाढलेला:
मी अठरापर्यंत संस्थेत होतो, नंतर अनुरक्षणगृहात, म्हणजे अठरानंतर संस्थेतून बाहेर पडणाऱ्यांना राहायला असतं तिथे. काकू, रजा घ्या. आमच्याकडच्या एक बाई कधीच रजा घ्यायच्या नाहीत, शेवटी आजारी पडून कायमच्याच गेल्या. त्यांच्यानंतर मी कितीतरी दिवस कुणाशी धड बोललो नाही. दिलेली तारीख तेवढी पाळा. उशीर होणार असेल तर त्याच दिवशी फोन करा, आणि तो निरोप दुसऱ्याकरवी नको, मुलाशी स्वतः बोला. ठरल्या वेळी फोन आला की आम्ही त्या खोलीच्या बाहेर आधीच रांग लावून उभे असायचो.

धागाकर्ती:
सगळ्यांचे मनापासून आभार. यजमानांनाही वाचून दाखवलं. ऑपरेशनला आधी मी जाईन, मी परतल्यावर हे जातील, म्हणजे घरात दोघांपैकी एक जण कायम राहील. बदलीसाठी संस्थेच्याच स्वयंपाकघरातल्या एका मावशींचं नाव अधीक्षकांना सुचवणार आहे, मुलांना त्यांची सवय आहे. त्यांना रात्रपाळीचे जादा पैसे मिळायला हवेत, त्यासाठी अर्ज कसा लिहावा हे कुणाला माहीत असेल तर सांगा. आणि निवृत्त गृहमाताताई, फोन रोज करावा की एक दिवस आड? धाकटा फोनवर बोलतच नाही, नुसता श्वास ऐकू येतो.

निवृत्त गृहमाता:
रोज, संध्याकाळच्या प्रार्थनेनंतर, दोन मिनिटं. तो बोलला नाही तरी तुम्ही बोला. काय जेवलात, कुत्रं भुंकलं, पाऊस आला, काहीही. अर्जाचा मसुदा मी उद्या टाकते.