तीन भाषांतल्या अपस्मार-रुग्णांचे जीवनगुणवत्तेचे गुण थेट ताडून पाहता येतील का?

चौथा_स्तंभ:
अपस्मार असलेल्या प्रौढांकडून क्यूओएलआयई-३१ ही जीवनगुणवत्ता मोजणारी प्रश्नावली तीन भाषांत भरून घेतली आहे, प्रत्येक भाषेत साधारण १२० जण. तिन्हीकडे क्रोनबाख अल्फा ०.८० च्या वर आहे. तरी एका भाषेतला एकूण गुण बाकी दोन्हींपेक्षा सरासरी ६ ने कमी येतोय. फिट्सची संख्या जवळपास सारखीच. त्या रुग्णांचं आयुष्य खरंच जास्त कठीण आहे असं म्हणावं, की दोष भाषांतराचा?

मोजपट्टी:
अल्फावरून यातलं काहीच ठरत नाही. एका भाषेच्या आत प्रश्न एकमेकांशी जुळतात एवढंच तो सांगतो. तीनही भाषांत ६० गुणांचा अर्थ एकच आहे का, हे त्यात दिसत नाही.

आधी एकूण गुण बाजूला ठेवा आणि सातही उपमापनं (प्रश्नांचे विषयवार गट) वेगळी काढा. एकूण गुणातलं वजन असं: आकलनक्षमता ०.२७, सामाजिक कार्य ०.२१, भावनिक स्वास्थ्य ०.१५, एकंदर जीवनगुणवत्ता ०.१४, ऊर्जा व थकवा ०.१२, फिटची धास्ती ०.०८, औषधांचे परिणाम ०.०३. फरक औषधांच्या उपमापनात असेल तर तो एकूण गुण ६ ने हलवूच शकत नाही; तिथे १०० चा फरक पडला तरी एकूण गुण ३ नेच बदलतो.

मग वाहन चालवण्याचा प्रश्न बघा, विसावा. सामाजिक कार्याच्या पाच प्रश्नांपैकी तो एक. ज्यांनी कधीच वाहन चालवलं नाही त्यांच्याकडून एका भाषेत ‘अजिबात अडचण नाही’ (१००) आणि दुसरीत ‘खूपच अडचण’ (०) असं उत्तर येत असेल, तर उपमापनात २० चा आणि एकूण गुणात २० × ०.२१ म्हणजे ४.२ चा फरक पडतो. तुमच्या सहापैकी चार इथेच सापडू शकतात.

उलट दिशेचे प्रश्नही तपासा. ऊर्जेच्या चार प्रश्नांत दोन उत्साहाचे आणि दोन थकव्याचे आहेत. प्रत्येकाचा उरलेल्या प्रश्नांशी सहसंबंध काढा. एखाद्या भाषेत तो ऋण आला तर एक तर गुण उलटवायचे राहिलेत, किंवा पर्यायांचा क्रम छपाईत बदललाय.

सायली_प:
प्रश्नावली कुणी भरली? हे भाषांतराइतकंच महत्त्वाचं आहे. समोर बसून विचारलं की लोक बरी बाजू सांगतात, आणि घरचं माणूस शेजारी असेल तर धास्तीच्या आणि लोकांत मिसळण्याच्या प्रश्नांवर आणखी सावरून बोलतात. एका भाषेत स्वतः भरलेले आणि दुसरीत विचारून भरलेले फॉर्म असतील, तर आधी तो रकाना विश्लेषणात घ्या.

भाषांतरात दोन स्वतंत्र अनुवाद, त्यांचा मेळ, मूळ न पाहिलेल्या व्यक्तीकडून उलट अनुवाद आणि शेवटी रुग्णांशी बोलून तपासणी, हे सगळं झालं होतं का? शेवटची पायरीच बहुधा गाळली जाते. उलट अनुवाद शब्दाला शब्द जुळला तरी रुग्णाला प्रश्न कळला असं होत नाही. ‘हा प्रश्न तुमच्या शब्दांत सांगा’ आणि ‘हाच पर्याय का निवडला’ एवढं विचारलं तरी बरंच उघड होतं. ‘गेल्या ४ आठवड्यांत’ ही मुदत लोक सर्रास विसरतात आणि आजार सुरू झाल्यापासूनचं सांगतात.

गृहीतक:
आकडेवारीपुरतं सांगतो. सरासरींची तुलना करायची तर मापनाची समानता तीन पायऱ्यांनी तपासायला हवी: प्रश्नांची रचना सारखी, भारांक (प्रश्न उपमापनाशी किती घट्ट बांधलाय) सारखे, आणि उत्तरांचे उंबरठे (एका पर्यायावरून पुढच्यावर जाण्याची पातळी) सारखे. तिसरी पायरी टिकली नाही तर सरासरींच्या तुलनेला आधार नाही. उत्तरं क्रमवाचक आहेत (पर्यायांना क्रम आहे, पण त्यांतली अंतरं सारखी नाहीत), म्हणून डब्ल्यूएलएसएमव्ही ही अशा उत्तरांसाठीची आकडेमोडीची पद्धत वापरा. सीएफआय (प्रारूप आकड्यांशी किती जुळतं याचा निर्देशांक) ०.०१ पेक्षा जास्त घसरू नये हा प्रचलित निकष सलग मापनासाठी बेतलेला आहे. इथे त्यावर एकट्यावर विसंबू नका.

पूर्ण प्रारूपाला प्रत्येक गटात १२० जण कमी पडतात. म्हणून एकेक प्रश्न क्रमवाचक लॉजिस्टिक प्रतिगमनात घाला: आधी फक्त उपमापनाचा गुण, मग भाषा, मग दोन्हींची अन्योन्यक्रिया. भाषा घातल्यावर प्रारूप लक्षणीय सुधारलं तर तो प्रश्न भाषेगणिक वेगळा वागतोय. ज्या पर्यायावर पाच-सहाच उत्तरं आहेत तो शेजारच्यात मिसळा, नाहीतर आकडे भरकटतात.

आणि नैराश्य मोजलंय का? जीवनगुणवत्तेच्या गुणावर त्याचा प्रभाव अनेकदा फिट्सच्या संख्येहून मोठा असतो. फिट्स सारख्या असूनही ६ चा खरा फरक तिथून येऊ शकतो. एनडीडीआय-ई या अपस्मारातलं नैराश्य मोजणाऱ्या प्रश्नावलीत सहाच प्रश्न आहेत. नैराश्याची शक्यता धरण्याची मूळ इंग्रजीतली सीमा १५ च्या वर अशी आहे. दुसऱ्या भाषेत ती तशीच उचलू नका, सलग गुण वापरा.

चौथा_स्तंभ:
एनडीडीआय-ई आहे. वाहनाचा प्रश्न मात्र एका भाषेत बऱ्याच जणांनी कोरा सोडलाय. मग काय करायचं?

मोजपट्टी:
कोरा असेल तर उरलेल्या चार प्रश्नांची सरासरी घेतली जाते, शून्य धरायचं नाही. पण कोरा सोडणाऱ्यांत दोन प्रकारचे लोक असतात: फिट्समुळे वाहन सोडावं लागलेले, आणि कधीच न चालवणारे. पहिल्यांचं नुकसान खरं आहे आणि ते गुणात दिसायलाच हवं. शक्य असेल तर ‘फिट्स सुरू होण्याआधी वाहन चालवत होता का?’ एवढा एकच प्रश्न त्यांना आता विचारून घ्या. ते जमलं नाही तर तिन्ही भाषांत तो प्रश्न वगळून गुण पुन्हा काढा आणि दोन्ही आकडे अहवालात शेजारी शेजारी द्या.